वाचकांचे प्रश्न : डिसेंबरात चाललेला वेग एप्रिलमध्ये का चालत नाही?

प्रश्न : मी मानेवाडा परिसरात राहतो आणि लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचे संपादन करतो. माझ्या संगणकात इंटेलचा कोअर आय७-८७००के प्रोसेसर आणि झेड३७० चिपसेटचा मदरबोर्ड आहे. गेल्या डिसेंबरात बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या प्रणालीत) १.३५ व्होल्ट देऊन मी सर्व कोअर ५.० गिगाहर्ट्झवर चालवले आणि हिवाळाभर काहीही तक्रार आली नाही. एप्रिल लागल्यापासून मात्र दुपारी रेंडरिंग चालू असताना संगणक कधी निळी स्क्रीन दाखवून, तर कधी काहीच न दाखवता रीस्टार्ट होतो. सॉफ्टवेअरमध्ये कोअरचे व्होल्टेज काम नसताना १.३४४ दिसते आणि रेंडरिंग सुरू होताच १.२१६ पर्यंत उतरते. १२ व्होल्टच्या जागी ११.८०८ दिसते. घरी कूलर सुरू झाला की दिवे क्षणभर मंद होतात. एका दुकानदाराने एसएमपीएस (संगणकातला वीजपुरवठ्याचा डबा) बदलायला सांगितले, दुसऱ्याने मदरबोर्ड, आणि इलेक्ट्रिशियनने स्टॅबिलायझर लावायला सांगितले. लग्नसराई चालू आहे. दोष नेमका कोठे आहे?
— एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : आपण आकडे नोंदवून पाठवले हे फार चांगले केले, कारण निदानाचा निम्मा भाग त्यांतच आहे. सुचवलेल्या तीन वस्तूंपैकी एकही तूर्त विकत घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या वर्णनावरून एखादा भाग बिघडला असण्यापेक्षा डिसेंबरच्या हवेत ठरवलेला वेग एप्रिलच्या हवेत चालवला जात आहे, ही शक्यता कितीतरी अधिक दिसते. मात्र ती मोजून पक्की करावी लागेल.

प्रथम दिव्यांचा प्रश्न बाजूला करू. भिंतीतल्या सॉकेटवरचे २३० व्होल्ट आणि प्रोसेसरला मिळणारे सव्वा व्होल्ट यांच्या मध्ये दोन स्वतंत्र नियंत्रक बसलेले असतात. एसएमपीएस घरची एसी वीज घेऊन आधी तिची डीसी करतो. अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (घरच्या विजेतून प्रवाह सुरळीत खेचणारी जोडणी) असलेल्या एसएमपीएसमध्ये आतल्या मोठ्या कपॅसिटरवर ३८० ते ४०० व्होल्टच्या आसपास दाब राखला जातो आणि त्यातून १२ व्होल्ट तयार होतात. हे १२ व्होल्ट मदरबोर्डवरच्या व्हीआरएमकडे, म्हणजे प्रोसेसरच्या सॉकेटभोवती दिसणाऱ्या मॉस्फेट, चोक आणि कपॅसिटर यांच्या रांगांकडे जातात आणि तेथे त्यांचे प्रोसेसरला हवे ते व्होल्टेज होते. एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टवर चालणारा असेल, तर घरचा दाब २३० वरून २१० वर उतरला तरी १२ व्होल्टच्या बाजूला त्याचा परिणाम जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे दिवे मंद होणे आणि १.२१६ हा आकडा यांचा परस्परांशी संबंध नाही, आणि स्टॅबिलायझर लावल्याने तो आकडा जराही वर येणार नाही.

याला अपवाद एकच. वीज क्षणभर पूर्ण गेली किंवा दाब फारच खाली कोसळला, तर एसएमपीएस आपल्या कपॅसिटरमधल्या साठ्यावर पूर्ण भाराखाली साधारण १६ ते १७ मिलिसेकंद तग धरतो. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे हा साठा एका आवर्तनालाही पुरत नाही. त्यानंतर ‘पॉवर गुड’ हा वीज ठीक असल्याचा संकेत नाहीसा होतो आणि संगणक कोणताही संदेश न दाखवता रीस्टार्ट होतो. आपल्याकडे निळी स्क्रीन आणि मूक रीस्टार्ट असे दोन्ही प्रकार घडत आहेत, म्हणून ते वेगळे करून पाहिले पाहिजेत. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये रीस्टार्टच्या वेळेच्या नोंदी उघडाव्यात. तेथे ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद असेलच. तिचा अर्थ संगणक नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला एवढाच असतो, आणि केवळ तिच्यावरून एसएमपीएसला दोष देणे ही दुकानांत नेहमी होणारी चूक आहे. तिच्या आसपास ‘व्हिया-लॉगर’ या नावाची १८ किंवा १९ क्रमांकाची नोंद असेल, तर तक्रार खुद्द प्रोसेसरने नोंदवलेली आहे. १९ ही दुरुस्त झालेली चूक असते, १८ ही घातक. अशा नोंदी नसतील आणि प्रत्येक रीस्टार्ट कूलर किंवा पाण्याचा पंप सुरू होण्याच्या क्षणाशी जुळत असेल, तरच घरच्या विजेकडे वळावे.

आता १.३४४ आणि १.२१६ यांच्याकडे येऊ. भार आल्यावर व्होल्टेज उतरणे हा व्हीआरएमचा बिघाड नसून त्याच्या रचनेचाच भाग आहे. प्रवाह वाढेल तसे व्होल्टेज ठरावीक उताराने खाली येऊ द्यायचे, असे प्रोसेसर बनवणारी कंपनीच ठरवून देते आणि या उताराला लोडलाइन म्हणतात. उतार मिलिओहममध्ये मोजतात. आपला प्रोसेसर रेंडरिंग करताना १२० अँपिअरच्या आसपास प्रवाह घेत असेल आणि लोडलाइन एक मिलिओहमहून थोडी जास्त असेल, तर ०.१२८ व्होल्टची घट सरळ गणितानेच निघते. असा उतार मुद्दाम ठेवण्याचे कारण असे की भार एकाएकी निघून गेला की व्होल्टेज क्षणभर उसळी मारते. आधीच ते थोडे खाली असले, तर उसळी प्रोसेसरला झेपणाऱ्या मर्यादेत राहते. बायोसमधील लोडलाइन कॅलिब्रेशनचा पर्याय हा उतार कमी करतो. तो सर्वांत तीव्र पातळीवर नेला की सॉफ्टवेअरमध्ये आकडा सपाट आणि देखणा दिसतो, पण भार सुटतानाची उसळी मात्र तशीच होते आणि आता ती वरच्या पातळीवरून होते. ती मायक्रोसेकंदांत येऊन जाते, तर सॉफ्टवेअर साधारण सेकंदाला एकदाच मोजते. त्यामुळे ती आपल्याला कधीच दिसत नाही.

आकड्यांच्या बारीक हालचालीने घाबरू नये, हेही येथेच सांगतो. मदरबोर्डवरची मापन-चिप व्होल्टेज पायऱ्यापायऱ्यांनी वाचते. अनेक बोर्डांवर कोअरची पायरी ०.०१६ व्होल्टची आणि १२ व्होल्टची पायरी ०.०९६ व्होल्टची असते. आपले १.३४४ आणि १.२१६ हे दोन्ही आकडे ०.०१६ च्या पटीत आहेत आणि ११.८०८ हा ०.०९६ च्या पटीत आहे. एक पायरी वर-खाली होणे म्हणजे व्होल्टेज अस्थिर असणे नव्हे. शिवाय एटीएक्सच्या मानकाप्रमाणे १२ व्होल्टच्या वाहिनीला पाच टक्के सूट आहे, म्हणजे ११.४० ते १२.६० पर्यंतचा आकडा मान्य असतो. आपला ११.८०८ त्यात आरामात बसतो.

मग एप्रिलमध्ये काय बदलले? खोलीचे तापमान. हीटसिंक कितीही चांगली असली, तरी ती प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. प्रोसेसरचे तापमान हे खोलीच्या तापमानावर चढलेले असते. समजा डिसेंबरात खोली २२ अंशांवर होती आणि रेंडरिंग करताना प्रोसेसर ८२ अंशांवर जात होता. आज दुपारी कूलर चालू असूनही खोली ३६ अंशांवर असेल, तर तीच ६० अंशांची चढण प्रोसेसरला ९६ पर्यंत नेते, आणि या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश आहे. प्रत्यक्षात चढण साठावरही राहत नाही. सिलिकॉन तापले की ट्रान्झिस्टरांतून गळणारा प्रवाह वाढतो, प्रवाह वाढला की लोडलाइनमुळे व्होल्टेज आणखी उतरते आणि नेमक्या त्याच वेळी, तापलेल्या अवस्थेत, तोच वेग टिकवायला प्रोसेसरला थोडे अधिक व्होल्टेज लागते. हिवाळ्यात हाताशी असलेली शिल्लक अशी तिन्ही बाजूंनी संपते. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. म्हणून येथे ज्याला ओव्हरक्लॉक करायचे आहे, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवायचा आहे, त्याने वेग मे महिन्याच्या दुपारी तीन वाजता ठरवावा, डिसेंबरच्या रात्री नव्हे, हे मी अगदी आग्रहाने सांगतो.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. आधी बायोसच्या मूळ सेटिंगवर जावे आणि मेमरीचे एक्सएमपी प्रोफाइलही (मेमरी वाढीव वेगाने चालवणारी तयार सेटिंग) बंद करावे, कारण एक्सएमपी हेदेखील ओव्हरक्लॉकिंगच आहे : डीडीआर४ मेमरीचे मूळ व्होल्टेज १.२ असते आणि अनेक प्रोफाइले ते १.३५ करतात. या अवस्थेत दोन-तीन दिवस नेहमीचे काम करावे. तरीही रीस्टार्ट होत असेल, तर ओव्हरक्लॉकिंग निर्दोष आहे आणि एसएमपीएस, मेमरी किंवा बोर्ड यांच्यावर संशय घेण्यास आधार आहे. होत नसेल, तर फक्त एक्सएमपी चालू करून मेमटेस्ट८६ हे मेमरी तपासणारे सॉफ्टवेअर रात्रभर चालवावे. त्यात एकही चूक चालत नाही. त्यानंतरच कोअरच्या वेगाला हात लावावा आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वेग, व्होल्टेज आणि लोडलाइन एकदम बदलल्यास कशामुळे काय झाले ते कधीच कळत नाही.

आपल्यासाठी माझी सूचना ४.८ गिगाहर्ट्झची आहे. प्रोसेसरची वीज वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५.० ऐवजी ४.८ घेतल्याने वेग चार टक्के घटतो. पण त्यामुळे बायोसमधले व्होल्टेज १.३५ वरून १.२५ च्या आसपास आणता आले, तर वीज सुमारे १८ टक्के कमी लागते. तासाभराच्या रेंडरिंगला यामुळे फार तर अडीच मिनिटे जास्त लागतील, आणि अर्ध्यावर रीस्टार्ट झालेल्या एका रेंडरिंगचे नुकसान त्याहून किती मोठे असते, हे आपण जाणताच. लोडलाइन कॅलिब्रेशन मधल्या पातळीवर ठेवावे. काही बोर्डांवर पहिली पातळी सर्वांत तीव्र असते आणि काहींवर सर्वांत सौम्य, म्हणून क्रमांकावर न जाता बायोसमधला आलेख पाहावा. चित्रफिती एन्कोड करणारी सॉफ्टवेअरे एव्हीएक्स (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) सूचना वापरतात आणि त्यांचा भार सर्वांत जड असतो. बायोसमध्ये एव्हीएक्स ऑफसेट २ ठेवल्यास केवळ अशा कामात वेग २०० मेगाहर्ट्झने उतरतो. नव्या सेटिंगची चाचणी ओसीसीटी किंवा प्राइम९५ या प्रोसेसरवर भार टाकणाऱ्या सॉफ्टवेअरवर भर दुपारी घ्यावी आणि तापमान ९० अंशांच्या वर जाऊ लागल्यास ती तिथेच थांबवावी. शेवटची परीक्षा मात्र आपले नेहमीचे रेंडरिंग हीच आहे. चाचणीत तासभर टिकलेला संगणक प्रत्यक्ष कामात पडलेला पुष्कळांनी पाहिला आहे.

मल्टिमीटर असल्यास १२ व्होल्ट प्रत्यक्ष मोजून घ्यावेत. हार्ड डिस्कसाठी असलेल्या जुन्या चार पिनांच्या कनेक्टरमध्ये पिवळी तार १२ व्होल्टची, लाल ५ व्होल्टची आणि काळ्या दोन ग्राउंडच्या असतात. नव्या एसएमपीएसमध्ये सर्व तारा काळ्या असू शकतात, तेव्हा पिनांचा क्रम पाहावा. भार नसताना आणि रेंडरिंग चालू असताना अशी दोन मापे घ्यावीत. दोन्ही ११.४० च्या वर असतील, तर एसएमपीएस बदलण्याचे कारण उरत नाही. प्रोसेसरला वीज देणारा आठ पिनांचा कनेक्टर संगणक बंद करून आणि प्लग काढून एकदा उपसून पाहावा. एखादी पिन पिवळसर किंवा काळवंडलेली असेल, तर तेथे सैल जोड आहे आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. एसएमपीएसचे आवरण मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतल्या कपॅसिटरमध्ये जिवावर बेतेल एवढा दाब काही काळ राहतो.

व्हीआरएमच्या तापमानाकडे सहसा कोणी पाहत नाही. प्रोसेसरवर पाण्याची कूलिंग बसवलेली असेल, तर सॉकेटवरचा पंखा नाहीसा झालेला असतो आणि शेजारच्या मॉस्फेटना मिळणारी हवाही बंद होते. अशा वेळी त्यांच्यावर वारा जाईल असा एक छोटा पंखा मोठा फरक पाडतो. द्रवयुक्त कपॅसिटरचे तापमान १० अंशांनी उतरले तर आयुष्य साधारण दुप्पट होते, असा त्यांचा हिशेब आहे. घरातल्या कूलरचा झोत थेट कॅबिनेटवर सोडू नये. दमट हवेने सहसा बिघडत नाही, पण झोतासोबत आलेल्या तुषारांतले क्षार बोर्डावर पांढरे साचतात आणि त्यांवर उन्हाळ्यातली धूळ चिकटून बसते.

प्रश्न : महालातल्या आमच्या जुन्या घरात दाब कधी १९०, तर कधी २५० व्होल्ट दाखवतो. माझा रायझन ५ ३६०० प्रोसेसर थोडा ओव्हरक्लॉक केलेला आहे, ग्राफिक्स कार्ड आहे आणि एसएमपीएस ६५० वॅटचा आहे. वीज गेली की ६०० व्हीएचा यूपीएस सुरू राहतो, पण संगणक बंद पडतो. यूपीएसच्या आधी स्टॅबिलायझर लावू का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांपैकी पहिला संगणकापेक्षा महत्त्वाचा आहे. २३० व्होल्टच्या पुरवठ्याला सहा टक्के फरक धरला तर दाब २१६ ते २४४ च्या दरम्यान असायला हवा. तो १९० आणि २५० या दोन्ही टोकांना जात असेल, तर न्यूट्रलचा जोड सैल असण्याची शक्यता तपासून घ्यावी. एका खोलीतला दिवा मंद होत असतानाच दुसऱ्या खोलीतला अधिक उजळत असेल, तर संशय बळावतो. घरात थ्री-फेज जोडणी असेल आणि न्यूट्रल पूर्ण तुटला, तर एखाद्या फेजवरच्या उपकरणांना ४०० व्होल्टच्या जवळपास दाब मिळू शकतो. त्यापुढे कोणताही एसएमपीएस टिकत नाही. असे लक्षण दिसताच मुख्य स्विच बंद करून परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवावे आणि वीज कंपनीकडे लेखी तक्रार द्यावी.

त्याच वेळी अर्थिंगही तपासून घ्यावे. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात ओल धरते, पण एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात नियमित पाणी घालावे लागते. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामध्ये दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त दाब सापडला, तर कारण शोधायलाच हवे. कूलरमध्ये वीज उतरून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भात दर उन्हाळ्यात येतात. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला नसेल, तर संगणकावर एक रुपयाही खर्च करण्याआधी तो बसवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

यूपीएसचे उत्तर त्या मानाने सोपे आहे. बाजारातले बहुतेक ६०० व्हीएचे यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच देतात. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही भाराखाली असतील, तर ही मर्यादा सहज ओलांडली जाते. दुसरे म्हणजे स्वस्त यूपीएस बॅटरीवर जाताच पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेले काही एसएमपीएस ती न स्वीकारता बंद होतात. शुद्ध साइन लहर देणारा आणि किमान ६०० वॅटचा लाइन-इंटरअ‍ॅक्टिव्ह यूपीएस घ्यावा. त्यात दाब सांभाळणारी व्यवस्था आधीच असते, त्यामुळे वेगळ्या स्टॅबिलायझरची गरज राहत नाही. उलट रिलेवर चालणारा स्टॅबिलायझर पायरी बदलताना वीज क्षणभर तोडतो आणि यूपीएस विनाकारण बॅटरीवर जातो. घरी इन्व्हर्टर असेल आणि त्यावर ‘यूपीएस मोड’चे बटण असेल, तर तेही चालू ठेवावे.

प्रश्न : माझा तेराव्या पिढीतला कोअर आय७ मी ओव्हरक्लॉक केलेला नाही, तरी काही काम नसताना व्होल्टेज १.४ च्या वर दिसते. हे घातक आहे का?
— एक विद्यार्थिनी, हिंगणा मार्ग, नागपूर

उत्तर : एक-दोन कोअर थोड्या वेळासाठी अत्युच्च वेगावर जातात तेव्हा व्होल्टेज जास्त आणि प्रवाह कमी असतो, म्हणून १.४ हा आकडा स्वतःहून धोक्याचा नाही. परंतु आपल्या पिढीच्या प्रोसेसरबाबत सावध राहिलेच पाहिजे. तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही डेस्कटॉप प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागतात आणि त्यामुळे कालांतराने अस्थिर होतात, हे इंटेलने २०२४ मध्ये स्वतः मान्य केले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आलेल्या मायक्रोकोडने (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या सुधारणेने) मागणीवर १.५५ व्होल्टची मर्यादा घातली आणि सप्टेंबरमध्ये आणखी एक सुधारणा आली. या दुरुस्त्या मदरबोर्डच्या बायोसमधून मिळतात. त्या पुढची झीज रोखतात, पण झालेली झीज भरून काढत नाहीत. खेळ सुरू होताना व्हिडिओ मेमरी अपुरी असल्याचा चुकीचा संदेश येऊ लागणे हे झिजेचे एक परिचित लक्षण आहे. ते दिसत असेल, तर सेटिंग बदलत बसू नये. बॉक्ससह विकलेल्या अशा प्रोसेसरांची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवलेली असल्याने खरेदीची पावती शोधून बदलून मागावा.

बायोस अद्ययावत करताना संगणक यूपीएसवर असावा आणि वादळी संध्याकाळ टाळावी, कारण लिहिणे अर्ध्यावर तुटल्यास बोर्ड सुरूच होत नाही. अद्ययावत झाल्यावर जुन्या सेटिंगची साठवलेली फाइल परत लावू नये. इंटेलचे डिफॉल्ट प्रोफाइल निवडावे आणि एक्सएमपी वगळता इतर काहीही बदलू नये.